ऑनर म्हणजे नुसता सन्मान नव्हे, कुठे काय लिहायचं ते सांगते

प्रश्न थोडक्यात असा आहे, की ऑनर या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमकं काय म्हणायचं, रिस्पेक्ट आणि ऑनर यात फरक काय, आणि सगळीकडे सरसकट सन्मान लिहिलं तर चालेल का. शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकते, नाही चालत. कोर्टाची, बँकांची, सोसायट्यांची आणि संस्थांची कागदपत्रं इंग्रजीतून मराठीत करणं हा माझा धंदाच आहे, आणि या एका शब्दाने घातलेले घोळ मी इतके निस्तरलेत की भल्याभल्या कायदेशीर शब्दांनीही तेवढे घातले नसतील. डिक्शनरी उघडली की मान, सन्मान, आदर, गौरव, प्रतिष्ठा, अब्रू, इज्जत अशी रांग लागते, माणूस त्यातला पहिला उचलतो आणि मोकळा होतो.

मी काय करते ते सांगते. ऑनरच्या पुढे-मागे कोण बसलंय ते बघते. क्रियापद असेल आणि पुढे माणूस असेल तर सत्कार, सन्मान, गौरव यातलं काहीतरी बसतं. निवृत्त शिक्षकांना ऑनर केलं म्हणजे त्यांचा सत्कार केला, विषय संपला. पण पुढे माणूस नसून शब्द, करार, अट, वॉरंटी, तिकीट असं काही असेल तर तिथे ऑनर म्हणजे पाळणं. ही ऑनर्ड हिज प्रॉमिस म्हणजे तो शब्दाला जागला. कंपनीने वॉरंटी ऑनर केली नाही म्हणजे वॉरंटी मानली नाही, आपल्या भाषेत हात वर केले.

हे न बघता भाषांतर केलं की काय होतं त्याचा एक नमुना देते. एका भाडेकराराच्या मराठी मसुद्यात वाक्य होतं, "दोन्ही पक्ष सदर अटींचा सन्मान करतील." आता अटींचा सन्मान कसा करणार, शाल-श्रीफळ देऊन का? मूळ इंग्रजीत बोथ पार्टीज शॅल ऑनर द टर्म्स होतं, म्हणजे "दोन्ही पक्षांवर सदर अटी पाळणे बंधनकारक राहील". सन्मान वाचून भाडेकरूला वाटतं काहीतरी गोडगोड लिहिलंय, प्रत्यक्षात तिथे बंधन लिहिलेलं असतं, आणि ते त्याला दोन महिन्यांचं भाडं थकल्यावर कळतं. युद्धविरामाच्या बातम्यांतही हेच, अमुक देशाने युद्धविरामाचा आदर केला असं छापून येतं, अरे बाबा पाळला म्हण ना सरळ.

याच अर्थाचा सगळ्यात मोठा भाऊ म्हणजे चेक. बँकेने चेक ऑनर केला म्हणजे वटवला, डिसऑनर केला म्हणजे चेक वटला नाही, परत आला, बाउन्स झाला. कोर्टाच्या मराठीत धनादेशाचा अनादर असा शब्द बसलाय, कागदावर तो लिहावाच लागतो, पण पक्षकाराला तो वाचून दाखवला की माणूस विचारतो, अनादर कोणी केला, मी तर मॅनेजरशी नीट बोललो होतो. म्हणून मी कंसात न वटणे लिहितेच. या शब्दाला धार आहे कारण त्यामागे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ चं, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्याचं, कलम १३८ आहे, आणि गंमत म्हणजे कायदा १८८१ चा असला तरी हे कलम १९८८ च्या दुरुस्तीने आलं आणि १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं. खात्यात पुरेसे पैसे नाहीत म्हणून चेक परत आला तर बँकेकडून तसं कळल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवायची, नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस पैसे भरायला, तेवढ्यात नाही भरले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा डिसऑनरचं भाषांतर अपमान असं करणाऱ्या ॲपवर विसंबून राहू नका, नोटिशीत चेकचा अपमान असं गेलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, समोरच्या वकिलाला तेवढीच करमणूक.

आणि याच कायद्यात एक जुनं प्रकरण आहे जे फार कोणी उघडत नाही, ॲक्सेप्टन्स फॉर ऑनर. एखादी हुंडी, म्हणजे अमक्याने इतके पैसे द्यावेत असा लेखी व्यापारी हुकूम, ज्याच्यावर काढली त्याने ती स्वीकारली नाही, नोटरीकडून तशी रीतसर नोंद झाली, तर तिसराच एखादा माणूस धारकाच्या संमतीने पुढे येऊन म्हणू शकतो की मी स्वीकारतो, अमक्याच्या ऑनरसाठी. इथे सन्मान लिहा, काही अर्थ लागत नाही. गौरव लिहा, अजून वाईट. बाजारातला कोणताही जुना व्यापारी एका शब्दात सांगेल, पत. अमक्याची पत राखण्यासाठी स्वीकारतो. माझ्या मते चेकवाला ऑनरसुद्धा मुळात पतच आहे, तुमची सही असलेल्या कागदाला बाजारात किंमत आहे की नाही एवढाच प्रश्न असतो.

आता नाम म्हणून ऑनर. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्यात, एक दुसऱ्यांनी दिलेला आणि एक स्वतः राखायचा. राखायचा तो अ मॅन ऑफ ऑनर मधला, मराठीत शब्दाचा पक्का माणूस, इमानाचा माणूस. वर्ड ऑफ ऑनर म्हणजे नुसतं शब्द देतो. मराठीत शब्द या शब्दालाच एवढं वजन आहे की त्याला वेगळी शेपटी लावायची गरज नाही. बायबलमधल्या ऑनर दाय फादर अँड दाय मदरचं मराठी बघा, आपला बाप व आपली आई यांचा मान राख. मान दे असं नाही, मान राख. हे करणारे लोक भाषा जाणणारे होते, राखणे या क्रियापदाने अर्धं काम केलंय.

याच राखायच्या ऑनरची काळी बाजू म्हणजे ऑनर किलिंग. काही जण याला सन्मान हत्या लिहितात, मला ते वाचवत नाही. त्या शब्दात खून करणाऱ्याचं म्हणणं आपण मान्य केल्यासारखं होतं. प्रतिष्ठेपायी खून किंवा खोट्या प्रतिष्ठेसाठी हत्या हे बरं, म्हणजे कोणाच्या डोक्यातलं खूळ ते तरी कळतं. सुप्रीम कोर्टाने २००६ च्या एका निकालात स्पष्ट म्हटलंय की अशा हत्यांमधे ऑनरेबल असं काहीही नाही, आणि लॉ कमिशनच्या २०१२ च्या २४२ व्या रिपोर्टचं नाव बघितलं तर तिथेही "ऑनर आणि परंपरेच्या नावाखाली" अशी काळजीपूर्वक रचना आहे. नावाखाली हे महत्त्वाचं. पोलिसांची कागदपत्रं करताना मी अब्रू शब्दही टाळते, कारण अब्रू म्हटलं की मराठीत बोट आपोआप मुलीकडे वळतं.

दिलेल्या ऑनरचं सगळ्यात चांगलं उदाहरण क्रिकेटमधलं आहे, आणि मराठी माणसाला ते लगेच पटेल. लॉर्ड्सच्या ड्रेसिंग रूममधे ऑनर्स बोर्ड आहेत, तिथे कसोटीत शतक केलं किंवा एका डावात पाच विकेट काढल्या की नाव लागतं. दिलीप वेंगसरकर त्यावर तीनदा आहेत, १९७९ ला १०३, १९८२ ला १५७ आणि १९८६ ला नाबाद १२६. विनू मांकड १९५२ च्या एकाच कसोटीसाठी बॅटिंगच्याही बोर्डवर आणि बोलिंगच्याही. अजित आगरकर आहे, २००२ चे नाबाद १०९, अजिंक्य रहाणे आहे, २०१४ चे १०३. आणि सचिन नाही! लॉर्ड्सवर त्याचा कसोटीतला सर्वोच्च स्कोअर ३७. आता सचिनबद्दल कोणाला रिस्पेक्ट कमी आहे का? रिस्पेक्ट आणि ऑनरमधला फरक विचारला की मी हेच सांगते. रिस्पेक्ट मनात असतो, त्याला बोर्ड लागत नाही, समोरच्याला कळला नाही तरी तो असतोच. ऑनर दिसावा लागतो, चार लोकांसमोर, पाटीवर, पदकावर, रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर, कोणीतरी तो द्यावा लागतो आणि त्याचे काही नियम असतात. म्हणून आय रिस्पेक्ट यू घरात म्हणता येतं, आय ऑनर यू म्हटलं तर बायको विचारेल आज काय पिऊन आलास का.

सरकारी ऑनरच्या बाबतीत एक चूक महाराष्ट्रात गल्लोगल्ली होते, कार्यक्रमपत्रिकेवर नावाआधी पद्मश्री छापायची. राज्यघटनेच्या कलम १८ ने टायटल म्हणजे किताब बंद केले, लष्करी आणि शैक्षणिक सोडून. मग भारतरत्न आणि पद्म पुरस्कार चालतात कसे, असा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि डिसेंबर १९९५ मधे पाच न्यायाधीशांनी निकाल दिला की हे किताब नाहीत, सन्मान आहेत, पण म्हणूनच ते नावाच्या आधी किंवा नंतर जोडून वापरायचे नाहीत. तेव्हा "पद्मश्री अमुक तमुक" चूक, "अमुक तमुक, ज्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आलं आहे" बरोबर. हे मी प्रत्येक आयोजकाला सांगते आणि प्रत्येक आयोजक मला सांगतो की ताई राहू द्या, नाहीतर पाहुण्यांना वाईट वाटेल.

नावाआधी काय लावायचं यावरून आठवलं, ऑनरेबलला मराठीत एकेकाळी अस्सल शब्द होता, नामदार. गोपाळ कृष्ण गोखल्यांना नामदार गोखले म्हणतात ते हेच, कौन्सिलचे मेंबर म्हणून त्यांच्या नावामागे द ऑनरेबल लागायचं, त्याचं मराठी नामदार. (त्याच गोखल्यांनी १९१४ मधे सर ही पदवी मात्र नको म्हणून कळवलं, म्हणजे एक ऑनर पदाबरोबर आलेला आणि एक नाकारलेला.) त्यांच्यामागून सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी सांभाळणारे श्रीनिवास शास्त्री तर राइट ऑनरेबल होते, १९२१ मधे प्रिव्ही कौन्सिलर, म्हणजे ब्रिटिश राजाच्या सल्लागार मंडळाचे सदस्य, झाल्यामुळे. आज मंत्र्यांच्या नावाआधी ना. लागतं ते त्याच नामदारचं उरलेलं रूप, पण वाचणाऱ्या निम्म्या लोकांना ते ना. म्हणजे काय ते माहीत नसतं, म्हणून मग त्याच्या आधी मा. पण लावतात, मा. ना. श्री. असा तिहेरी बार.

आणि हॉन. एवढंच दिसलं तर थांबा, विचार करा. इंग्रजीत हॉन. हे ऑनरेबलचंही लघुरूप आहे आणि ऑनररीचंही. ऑनरेबल म्हणजे माननीय, ऑनररी म्हणजे मानद, बिनपगारी. सोसायटीच्या लेटरहेडवर सहीखाली हॉन. सेक्रेटरी असतं ते मानद सचिव, माननीय सचिव नव्हे. सेक्रेटरी स्वतःच स्वतःला माननीय म्हणवून घेत सही करतोय असं मराठी पत्र मी पाहिलंय, आणि त्या गृहस्थांना ते फार आवडलं होतं, बदलायला तयारच नव्हते. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत ऑनररी डॉक्टर म्हणायचे तेही हेच, स्वतःची प्रॅक्टिस बाहेर आणि इथे मानद सेवा. विद्यापीठाची मानद डॉक्टरेट, ऑनोरिस कॉसा, तीही याच कुटुंबातली.

याच कुटुंबात एक शब्द आहे जो वरवर गोड आहे आणि आतून कडू, ऑनरेरियम, मानधन. व्याख्यात्याला पाकिटात मिळतं ते मानधन, तिथे ठीक आहे, तुमच्या ज्ञानाची किंमत करत नाही, मान म्हणून देतो असा भाव. पण अंगणवाडी सेविकांना महिन्याला मिळतं त्यालाही मानधनच म्हणतात. वेतन म्हटलं की पाठोपाठ ग्रॅच्युइटी, पेन्शन, किमान वेतन असे प्रश्न येतात, मानधन म्हटलं की ते टाळायला सोपं. मोर्चात "मानधन नको, वेतन द्या" अशी मागणी असते तेव्हा बाहेरच्यांना वाटतं शब्दाचं काय एवढं, पैसे वाढले म्हणजे झालं. तसं नाही ते. २५ एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असं सांगितलं, आणि त्यांना मिळणारं मानधन हे त्या कायद्यापुरतं वेतनच आहे असं धरलं. तेव्हा ऑनरेरियमचं भाषांतर करताना आधी खाली कोण सही करणार आहे ते बघा, पाहुणा की कामगार.

कोर्टात न्यायाधीशांना काय म्हणायचं हेही नवीन वकील मुलं फार विचारतात. सिनेमात सगळे युवर ऑनर म्हणतात ना. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ मधे सुचवलं की माय लॉर्ड आणि युवर लॉर्डशिप ही इंग्रजी राजवटीची निशाणी आहे, सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टात युवर ऑनर किंवा ऑनरेबल कोर्ट म्हणा, खालच्या कोर्टात सर म्हणा किंवा स्थानिक भाषेतला तसा शब्द वापरा. सवय काही मोडली नाही, आजही माय लॉर्डच जास्त ऐकू येतं. उलट २०२१ च्या फेब्रुवारीत कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सुप्रीम कोर्टात युवर ऑनर म्हटल्यावर तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे, आपले नागपूरचे, म्हणाले की तुमच्या मनात एकतर अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट असेल नाहीतर मॅजिस्ट्रेट, आम्ही दोन्ही नाही. म्हणजे एकाच शब्दाने एकीकडे मान दिला जातो, दुसरीकडे पायरी उतरवल्यासारखं होतं. मराठी कागदावर मात्र आपला सोन्यासारखा शब्द आहे, मेहरबान. दाव्याच्या डोक्यावर "मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांचे न्यायालयात" लिहितात त्यातलं मे. म्हणजे मेहरबान. बऱ्याच ज्युनियरना ते मेसर्स वाटतं, दुकानाच्या पाटीवरचं. तालुक्याच्या कोर्टात तोंडी बोलताना साहेब म्हटलं की भागतं.

बाकी थोडे फुटकळ. बी.ए. ऑनर्समधला ऑनर्स म्हणजे सन्मानाने पास असं नाही, तो अभ्यासक्रमाचा प्रकार आहे. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिट्सची, चौथं वर्ष केलं की १६० आणि ऑनर्स, आणि पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के असतील तर ऑनर्स विथ रिसर्च. भाषांतरात मी ऑनर्सच ठेवते. परदेशी सर्टिफिकेटवर ग्रॅज्युएटेड विथ ऑनर्स असेल तर ते वेगळं, तिथे विशेष प्रावीण्यासह लिहिते. गार्ड ऑफ ऑनर म्हणजे मानवंदना, आणि हा इतका छान शब्द असताना सन्मान रक्षक लिहिणाऱ्याला काय म्हणावं. डू द ऑनर्स म्हणजे कोणाचा सत्कार करणं नाही, केक कापणं, फीत कापणं, चहा ओतणं असलं यजमानाचं काम तुम्ही करा असा आग्रह, मराठीत "होऊन जाऊ द्या तुमच्या हातून". मॅच बरोबरीत सुटली की ऑनर्स ईव्हन. ब्रिज खेळणाऱ्यांना एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी म्हणजे ऑनर्स हे माहीतच असेल, आणि गोल्फमधे पहिला फटका मारायचा हक्क ज्याचा त्याचा ऑनर.

गेस्ट ऑफ ऑनरवर एक सूचना, खास करून परदेशातल्या मंडळांच्या लोकांसाठी. आपल्याकडे चीफ गेस्ट म्हणजे प्रमुख पाहुणे, पहिला नंबर, आणि गेस्ट ऑफ ऑनर म्हणजे विशेष अतिथी, सहसा दुसरा नंबर, आमदार एक आणि नगरसेवक दुसरे अशी सोय. इंग्लंड-अमेरिकेत गेस्ट ऑफ ऑनर म्हणजे ज्याच्यासाठी कार्यक्रम ठेवलाय तो माणूस. तिथल्या महापौरांना चीफ गेस्ट आणि सत्कारमूर्तींना गेस्ट ऑफ ऑनर छापलं तर इकडून गेलेल्या सत्कारमूर्तींना वाटतं आपल्याला खाली बसवलं. पत्रिकेत सरळ इन ऑनर ऑफ अमुक लिहा. आणि हो, इन ऑनर ऑफ जिवंत माणसासाठी बिनधास्त वापरता येतं, इन मेमरी ऑफ नाही, ही चूक झाली तर कार्यक्रमच रद्द होईल.

उच्चारात एच मुका आहे, ऑनर, ऑनेस्ट, अवर (तास), एअर (वारस) यांची ही चौकडी, म्हणून मागे अ नाही, ॲन लागतं. हॉनरेबल म्हणू नका. ब्रिटिश स्पेलिंगमधे यू आहे, अमेरिकन स्पेलिंगमधे नाही, १८२८ च्या आपल्या डिक्शनरीत नोआ वेब्स्टरने यू गाळलेलीच रूपं घेतली आणि अमेरिकेत ती रुळली. पण ब्रिटिश लिहिणाऱ्यांनीही ऑनररी, ऑनरेरियम आणि ऑनरिफिकमधे यू घालायचा नाही, ऑनरेबलमधे घालायचा, इथे स्पेलचेकही कधीकधी गप्प बसतो. अमेरिकेच्या शौर्यपदकाचं नाव मात्र यू शिवायच, मेडल ऑफ ऑनर, ते विशेषनाम आहे तेव्हा आपण ब्रिटिश लिहीत असलो तरी तिथे यू घुसडायचा नाही. आणि देवनागरीत टाइप करताना घरमालकाला ऑनर लिहू नका, तो ओनर. "फ्लॅटचा ऑनर डिपॉझिट परत देत नाहीये" असा मेसेज मला आलाय, आणि खरं सांगायचं तर त्या केसमधे दोन्ही अर्थ लागू होते.